दाराखालची फट

"शिडी नीट धर गं आई, हलतेय," लेबोना वरून म्हणाला.

"शिडी नाही हलत, तू हलतोयस," आत्या म्हणाली.

ती शिडीच्या जवळपासही नव्हती. अंगणात जिथं ऊन पडलं होतं तिथं एक डबा पालथा घालून, गुडघ्यांभोवती ब्लँकेट लपेटून ती मघापासून बसली होती, आणि पुतण्याच्या प्रत्येक हालचालीवर तिचं काहीतरी म्हणणं होतं. शिडी धरली होती आईनं. दोन्ही हातांनी, मान वर करून, एक शब्द न बोलता.

लेबोना छपराखालच्या झरोक्यात सिमेंटचा माल थापीनं दाबत होता. भिंतीच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या लगत, दोन्ही बाजूंना विटेविटेएवढे झरोके होते. घर बांधताना त्याच्या बापानंच ते ठेवले होते. का ठेवले होते, हे आता सांगणारं कुणी नव्हतं. बाप वेल्कोमच्या खाणीत मेला त्याला खूप वर्षं झाली होती. लेबोनानं सकाळी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "विटा कमी पडल्या असतील. नाहीतर चिमण्यांसाठी ठेवले असतील. तुझ्या बापाला माणसांपेक्षा चिमण्यांची काळजी जास्त."

हा-लेसिया हे रोमा या मिशनच्या गावाच्या वरच्या डोंगरउतारावरचं खेडं. जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा, वारा सुरीसारखा येतो. लेबोना राजधानीला, मासेरूला राहायचा, जीन पॅंटच्या कारखान्यात शिवण तपासायच्या टेबलावर कामाला होता. दिवसभर विजारी उलट्या करायच्या, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, कुठं टाका सुटलाय, कुठं फट राहिलीय ते हुडकायचं. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण स्वतः काही करायला घेतलं, की ते अर्ध्यावर राहायचं. घरामागं त्यानं बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं होतं, त्याला दार नव्हतं. एक बाक होता, त्याचा चौथा पाय म्हणजे दगड. बायकोशी संसारही तसाच अर्ध्यावर राहिला. ती माहेरी गेली ती परत आली नाही, आणि हा तिला आणायला अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि परतला, असं आत्या येईल त्याला सांगायची.

आत्याला ते सांगायचा हक्क होता. लेबोनाला तिनंच वाढवलं होतं. तो चालायला लागला न लागला तोच आई सीमेपलीकडे ब्लुमफाँटेनला गोऱ्यांच्या घरी कामाला गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती नाताळात आणि ईस्टरला येणारी, पिशव्या घेऊन येणारी एक शांत बाई होती. शाळेच्या वाटेवर ओढा भरून आला तर खांद्यावर घेणारी, ताप आला तर कपाळावर ओला फडका ठेवणारी, खोटं बोलला तर काठी काढणारी, ती आत्या. आत्याचं लग्न झालं नाही, मूल झालं नाही. त्या भागात बाई आई झाली की गाव तिला पहिल्या मुलाच्या नावानं ओळखू लागतं. लेबोनाची आई गावाला मालेबोना झाली. आत्या मात्र म्हातारी झाली तरी लिनेओच राहिली, माहेरच्या पोरीसारखी.

गेल्या हिवाळ्यात आत्याचा खोकला छातीत उतरला. या हिवाळ्यात तो जायचं नाव घेईना. मेमध्ये लेबोना आला होता तेव्हा पाहिलं, तर आत्या पलंगावर बसून खिडकीच्या फटीत जुन्या मोज्याची वळकटी खोचत होती. "वारा मेला माझ्याच पलंगाचा पत्ता विचारत येतो," ती म्हणाली. लेबोनाला ते लागलं. दिवसभर परक्यांच्या विजारींतल्या फटी शोधणारा माणूस, आणि आत्याच्या उशाशी मोजा. तेव्हाच त्यानं ठरवलं, एक शनिवार-रविवार काढायचा आणि घर बंद करायचं, पक्कं.

म्हणून आता तो शिडीवर होता. शनिवारी दोन्हीकडचे झरोके बुजले, पत्र्याच्या नळ्या आणि भिंत यांच्यामधल्या पोकळ्या बुजल्या. एकदा मालाचा गोळा घसरून आईच्या खांद्यावर पडला. तिनं तो झटकला आणि पुन्हा शिडी धरली. शेजारचे सेखोबे काठी टेकत येऊन पाहून गेले. म्हातारा एके काळी खाणीत होता, बोलायला कमी. "चाललंय," एवढंच म्हणाले आणि गेले. त्या रात्री लेबोना स्वयंपाकाच्या झोपडीत झोपला, कारण घरात ओल्या सिमेंटचा वास होता आणि खिडक्या अजून व्हायच्या होत्या.

रविवारी दोघी प्रार्थनेला गेल्या तोवर त्यानं खिडक्या केल्या. काचांच्या कडेची जुनी, तडकलेली पुट्टी खरवडून नवी भरली. चौकटीला फोमची चिकटपट्टी लावली. सगळं त्याच्या मनासारखं होत होतं. अंगठा फिरवावा तर कुठं खाच लागत नव्हती. दारापाशी आला. वरची बाजू झाली, दोन्ही उभ्या बाजू झाल्या, आणि खाली उंबऱ्याशी पट्टी संपली. गुंडाळी पुन्हा पुन्हा उलटून पाहिली, पुठ्ठ्याखेरीज त्यात काही नव्हतं. दाराखाली बोटभर फट तशीच राहिली. गावात ती पट्टी मिळणं शक्य नव्हतं.

आत्या परतली तेव्हा तिनं नेमकी तीच बघितली.

"राहिलं का शेवटी," ती म्हणाली. "माझ्या मनात होतंच, कुठंतरी राहणार."

"पुढच्या खेपेला आणतो ना. बाकीचं तरी बघ आधी."

मग तिनं बाकीचं पाहिलं. पलंगावर बसली, खिडकीशी काडी ओढली आणि ज्योत चौकटीच्या कडेकडेनं फिरवत नेली. ज्योत सरळ उभी राहिली, जराही वाकली नाही. आत्यानं दुसरी काडी ओढली, दुसऱ्या बाजूला धरली. तीही तशीच. बोटाला चटका बसेपर्यंत ती त्या ज्योतीकडे बघत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "बापाच्या हातून जे झालं नाही ते केलंस." ती त्याला चांगलं म्हणाल्याचं लेबोनाला फारसं आठवत नव्हतं. तो घमेलं धुवायला बाहेर गेला.

जेवण झालं. मक्याची घट्ट लापशी, पालेभाजी, आणि आत्यानं खास त्याच्यासाठी कापलेली कोंबडी. उन्हं कलायच्या आत खालच्या रस्त्यावरची, बाकांची शेअर टॅक्सी पकडायची म्हणून तो निघाला. आत्या अंगणात शेगडी पेटवायच्या तयारीत होती. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून केलेली शेगडी, त्यात दगडी कोळसा. धूर सरला, कोळसा लाल झाला, की ती उचलून घरात न्यायची. झोपायच्या आधी बाहेर ठेवायची. कधी ठेवायची, कधी ऊब सोडवायची नाही आणि तसाच डोळा लागायचा. गावातल्या बहुतेक घरांची हीच तऱ्हा. दर हिवाळ्यात रेडिओवर सांगतात, शेगडी घरात घेऊन झोपू नका, कोळशाचा वायू मारतो. लोक ते ऐकतात आणि शेगडी आत घेतात.

लेबोना उतरणीला लागला. ओढ्यापाशी दगडावरून पलीकडे जाताना त्याच्या मनात ते आलं. अगदी स्पष्ट आलं, कुणी शेजारून बोलावं तसं: आज शेगडी आत ठेवून झोपू नका, हे सांगायला हवं होतं. तो थांबला. वर बघितलं तर घराचा पत्रा दिसत होता, आणि अंगणातला धूर. त्यानं आत्याला फोन लावला. फोन बंद. बहुधा नेहमीसारखा दुकानात चार्जिंगला ठेवलेला असणार. परत चढून जायचं म्हणजे टॅक्सी गेली, आणि सोमवारी पहाटेची पाळी. शिवाय त्या दोघींनी उभा जन्म शेगडीशेजारी काढला, आपण त्यांना काय शिकवायचं? आत्या म्हणेल, दोन फटी बुजवल्या आणि मास्तर झाला. ते मनात येऊन त्याला हसूही आलं. तो ओढा ओलांडून पुढे गेला. टॅक्सी मिळाली, खिडकीजवळची जागा मिळाली, आणि मासेरू येईपर्यंत त्याला झोप लागली.

सोमवारी कामाच्या मध्यावर सेखोबेंचा फोन आला. टेबलावर फोन घ्यायला बंदी होती, पण पुन्हा पुन्हा वाजायला लागला म्हणून सुपरवायझर बाईनं खूण केली, घे. म्हातारा फोनवर नेहमी ओरडून बोलायचा, त्या दिवशी हळू बोलला. म्हणाला, "तू ये. आईला मिशनच्या दवाखान्यात नेलंय. आई आहे." लेबोनानं विचारलं, आत्या कुठंय. म्हातारा पुन्हा म्हणाला, "तू ये."

जे झालं होतं ते त्याला तुकड्यातुकड्यानं कळलं. सकाळी उशिरापर्यंत घरातून धूर नाही, हालचाल नाही, म्हणून सेखोबेंनी हाका मारल्या. आतून दाराला काहीतरी घासल्याचा आवाज आला. दार ढकललं तर उघडेना, कारण दाराशी आई पडली होती. तिचं अंथरूण नेहमी दाराजवळच असायचं. पाठ दुखायची म्हणून ती पलंगावर झोपत नसे. आत्या पलंगावर होती, खिडकीकडे तोंड करून, पांघरूण नीट अंगावर. तिला जागही आली नसावी, असं सगळे म्हणत होते. शेगडी मध्ये होती, विझलेली.

आईच्या तोंडावर प्राणवायूची नळी होती. डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते. तिला बघणारी नर्स तरुण होती, बोलकी होती. तिनं लेबोनाला धीर द्यायच्या हेतूनंच सांगितलं, "नशीब म्हणा. दाराखाली फट होती म्हणे, तिथंच हिचं तोंड होतं. तेवढ्या वाऱ्यावर ही वाचली. ती फट नसती तर दोघीही गेल्या असत्या." लेबोना बरं म्हणाला. मग बाहेर आला आणि दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याला ती गुंडाळी आठवली, तिच्या आतला तो रिकामा पुठ्ठा. एक हात पट्टी जास्त असती तर ती त्यानं लावली असती. घासून, दाबून, अंगठा फिरवून लावली असती.

पोलीस आला होता. वयस्क, सर्दी झालेला माणूस. असली मढी त्यानं त्या हिवाळ्यात आधीही पाहिली असणार. त्यानं विचारलं, घर अगदी बंद होतं का. लेबोना म्हणाला, "हिवाळा आहे साहेब. सगळ्यांचीच बंद असतात." पोलिसानं मान डोलावली, नाक पुसलं आणि पुढचा प्रश्न विचारला. लेबोना खोटं बोलला नव्हता. लहानपणी अशाच खरं वाटणाऱ्या उत्तराला आत्यानं त्याला दोन फटके जास्त दिले होते.

गावात माणसं जमली. मातीचा दिवस शनिवार ठरला. बायकांनी मोठी पातेली मागून आणली, पुरुषांनी अंगणात तंबू ठोकला. कुणी म्हणालं देवाची मर्जी, कुणी म्हणालं कोळसा भेसळीचा येतो हल्ली, कुणी कुजबुजलं की एका घरातली एकच मेली म्हणजे कुणाची तरी करणी. लेबोनाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. उलट एक लांबचा मामा घर बघायला आत गेला, भिंतीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "काम मात्र सफाईदार केलंयस हं. या खेपेला काही अर्धवट नाही ठेवलंस." लेबोना खुराड्यामागं जाऊन ओकला.

शुक्रवारी आत्याला घरी आणायचं होतं. शेवटची रात्र माणूस आपल्या घरात काढतो, बायका त्याच्याभोवती बसतात, मग सकाळी नेतात. दुपारी लेबोनानं शिडी काढली. हातोडी आणि छिन्नी घेतली आणि झरोके फोडायला लागला. आठवड्याभरात सिमेंट चांगलंच धरलं होतं. त्यानं माल कालवताना काटकसर केली नव्हती. पहिला तुकडा आत पडला, मग दुसरा. खालून बायका ओरडल्या की आताच झाडलंय, आता कसली धूळ पाडतोयस. तो ठोकतच राहिला. आत्याला पुन्हा त्या बंद खोलीत ठेवायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पलीकडचा झरोका फोडला. मग खिडकीच्या फोमच्या पट्ट्या ओढून काढल्या. चिकटवलेल्या जागी रंगाची सालं निघाली.

खाली उतरला तेव्हा सेखोबे दारात उभे होते. ते झरोक्याकडे बघत होते, मग त्यानं हातात धरलेल्या पट्ट्यांकडे. मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे. लेबोनाला वाटलं आता विचारतील, आणि त्याला वाटलं विचारावंच. म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खाली वाकून सिमेंटचे तुकडे झाडायला लागले. लेबोनानं झाडू मागितला तर त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरउतारावर ऊन स्वच्छ होतं. मळुतीच्या डोंगररांगेच्या माथ्यावर बर्फ दिसत होतं. तंबूत गाव मावत नव्हतं. प्रार्थना झाली, गाणी झाली. आत्याचा जन्म कुठला, शाळा कुठली, चर्चमधल्या बायकांत तिचा आवाज कसा होता, ते एकेकानं उठून सांगितलं. मग सूत्रं सांभाळणारा माणूस म्हणाला, आता तिचं जाणं कसं झालं ते घरातलं कुणीतरी सांगेल. लेबोना, तिचा पुतण्या.

तो उठला. हे आपल्याकडे येणार हे त्याला मंगळवारपासून माहीत होतं. रात्री झोपडीत पडल्या पडल्या त्यानं वाक्यं जुळवली होती, पुन्हा पुन्हा. झरोके होते, ते मी बुजवले. खिडक्या मी बंद केल्या. एवढं म्हटलं की पुढचं लोक म्हणतील. शिव्या देतील, थुंकतील, काही का करेनात. तो शवपेटीशेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रविवारी मी घरी होतो. माझ्या आत्याला खोकला होता म्हणून मी..."

"मी सांगते," मागून आवाज आला.

आई उठत होती. दवाखान्यातून आल्यापासून ती कुणाशी चार शब्द बोलली नव्हती. बायकांनी तिला पेटीजवळ गादीवर बसवलं होतं. दोघींनी तिला धरलं. ती लेबोनाजवळ येऊन उभी राहिली, त्याच्या खांद्याला हात टेकून, जणू तिला आधार हवा होता. पण त्या हाताचा दाब खाली होता, बस म्हणणारा.

"शेगडी मी आत आणली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागचे लोक पुढे सरकले. "लिनेओ म्हणाली, आता बाहेर ठेवू. मी म्हणाले, राहू दे, फार थंडी आहे. ती माझं कधी ऐकत नसे, त्या दिवशी ऐकलं. झालं ते असं झालं. यात दुसरं कुणी नाही." ती श्वास घ्यायला थांबली. "आणि आणखी एक. तुम्ही मला मालेबोना म्हणता. मी नुसतं बाळंत झाले. लेबोनाची आई ती होती. आज हाक मारायची तर तिला त्या नावानं मारा, आणि मग पुरा."

बायकांमध्ये एक हुंदका उठला आणि पसरत गेला. कुणीतरी गाणं धरलं. लोक उभे राहिले. लेबोना आपल्या जागी परत आला. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडावर हात ठेवलाय. मायेनंच ठेवलाय, पण घट्ट ठेवलाय. थडग्याशी लोकांनी आत्याला मालेबोना म्हणून निरोप दिला, आणि त्यानं फावड्यानं माती लोटली. इतरांनी त्याच्या हातातलं फावडं घ्यायला पाहिलं, पाळीपाळीनं लोटायची रीत असते. त्यानं सोडलं नाही. खड्डा भरेपर्यंत सोडलं नाही.

रविवारी सकाळी घरच्यांची डोकी भादरली, मयताच्या नियमाप्रमाणे. पाहुणे पांगले. तंबू निघाला. आई भिंतीपाशी उन्हात बसली होती, तिचंही डोकं तुळतुळीत, आणि त्यामुळे ती एखाद्या लहान मुलीसारखी दिसत होती. लेबोना तिच्याजवळ खाली बसला.

"तू का बोललीस?" त्यानं विचारलं. "मी सांगणार होतो."

"काय सांगणार होतास?"

"झरोके मी बुजवले ते."

"आणि शिडी कुणी धरली होती?"

आईनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला त्या गुळगुळीतपणाची सवय नव्हती. मग ती म्हणाली की लोकांपुढे ती जे बोलली त्यात खोटं काही नाही. लिनेओ खरंच शेगडी बाहेर ठेवायला उठली होती. हिनंच अडवलं. "म्हणाले, पहिल्यांदाच घर असं ऊबदार झालंय, पोरानं केलंय, आज जरा भोगू या. हसली ती. खोकलीही नाही रात्रभर. मला वाटलं बरं वाटतंय तिला." तिनं समोरच्या डोंगराकडे तोंड वळवलं. "लोकांना सगळं द्यायचं नसतं रे. लोक जेवतात आणि घरी जातात. राहायचं आपल्याला असतं."

तेव्हा लेबोनानं तिला ते सांगितलं जे कुणालाच माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. ओढ्यापाशी आपण थांबलो होतो. मनात आलं होतं. घर दिसत होतं, धूर दिसत होता. हाक मारली असती तरी कदाचित ऐकू गेली असती. टॅक्सी चुकेल म्हणून, आणि आत्या हसेल म्हणून, आपण मागं फिरलो नाही.

आईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. तिनं त्याचा हातही धरला नाही.

"ते तुझं," ती शेवटी म्हणाली. "शिडी माझी, शेगडी माझी. पण ते मी नाही घेऊ शकत."

लेबोनानं मान हलवली. विचित्र म्हणजे, त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याला थोडा श्वास घेता आला. ती त्याला माफ करते म्हणाली असती तर त्याला ते पेललं नसतं. थोड्या वेळानं आईनं विचारलं, सोमवारी पाळी आहे ना, आहे म्हणाला. मग तिनं सांगितलं की सेखोबेंची सून रात्री सोबतीला येणार आहे, तू नीघ, उजेडात पोच. तो सरपण फोडून, पाणी भरून निघाला. ओढा त्यानं दुसरीकडून, खालच्या पुलावरून ओलांडला. लांब पडलं.

टॅक्सी भरलेली होती. त्याला मागच्या बाकाच्या पुढची, खिडकीची जागा मिळाली. गाडी जुनी होती, खिडकीची काच पुरी सरकत नव्हती, तीन बोटं उघडी राहायची. गाडी पळायला लागली तसा वारा सरळ आत येऊ लागला. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर तो पाण्याच्या धारेसारखा लागत होता. खिशात लोकरीची टोपी होती. त्यानं ती काढली नाही.

मागच्या बाकावरची एक म्हातारी कुडकुडत होती. तिनं वर्तमानपत्राचा कागद चुरगळून त्याच्या खांद्यावरून पुढे केला. म्हणाली, "बाळा, तेवढी फट बुजव ना. वारा थेट माझ्यावर येतोय."

लेबोनानं कागद घेतला. काचेपर्यंत हात नेला. तिथं हात थांबला, आणि थांबलाच. म्हातारी वाट बघत होती. शेजारचा माणूस त्याच्याकडे बघायला लागला.

मग त्यानं तो बोळा मांडीवर ठेवला, जागेवर जरा तिरका झाला, आणि आपलं उघडं डोकं त्या फटीला टेकवलं. वारा अडला. मागून म्हातारी म्हणाली, देव तुझं भलं करो. तो डोळे उघडे ठेवून तसाच बसून राहिला, मासेरूचे दिवे दिसेपर्यंत.